घमेल्याची ढाल

आमच्या घरात त्या काळी सगळ्यात नवी वस्तू म्हणजे आईचं घमेलं.

वळसंग सोडून आम्ही सोलापुरात आलो ते पत्र्याच्या एका खोलीत. भिंती पत्र्याच्या, वरही पत्राच. उन्हाळ्यात दुपारी भिंतीला पाठ लागली तर चटका बसायचा, म्हणून आई आतून ओली पोती टांगून ठेवायची. आप्पा, म्हणजे माझे वडील, लोखंडी कपाटांच्या कारखान्यात रंगकाम करायचे, तोवर दोन वेळचं भागत होतं. मग तो कारखाना बंद पडला. का पडला ते तेव्हा कळलं नाही आणि नंतर विचारावंसं वाटलं नाही. आठवतं ते एवढंच, की एका दुपारी आप्पा अवेळी घरी आले, रंगाची गन जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली होती ती त्यांनी खुंटीला टांगली, आणि पाणी मागितलं.

आई मजुरांच्या नाक्यावर उभी राहायला लागली. सकाळी बायका रांगेनं उभ्या असायच्या. मुकादम यायचा आणि बोट दाखवायचा. जिच्या काखेत स्वतःचं घमेलं, तिच्याकडे त्याचं बोट आधी वळायचं. म्हणून घरात दुसरं काही यायच्या आधी घमेलं आलं. ते नुसतं कामाचं नव्हतं. पाऊस आला की आईच्या डोक्यावर तेच. येताना त्यातूनच फळ्यांचे तुकडे यायचे चुलीसाठी. काटवट फुटली तेव्हा आईनं घमेलं राखेनं घासून घासून पांढरं केलं आणि त्यात भाकरीचं पीठ मळलं. त्या भाकरीला सिमेंटचा वास येत होता. आम्ही खाल्ली. बरोबर शेंगाचटणी होती, तिनं सांभाळून घेतलं.

ते घमेलं आत्ता माझ्या मांडीवर आहे. फक्त आता ती ढाल आहे.

झालं असं, की मी ज्या मुलींच्या शाळेत शिकवते तिथलं गॅदरिंग जवळ आलं. मावळ्यांचं नाटुकलं बसवलेलं. ढाली ऑनलाइन मागवल्या. खोक्यातून निघाल्या त्या प्लॅस्टिकच्या. पहिल्याच तालमीत एकमेकींवर आपटल्या आणि पत्रावळीसारख्या दुमडल्या. पोरी हसून हसून खाली बसल्या. "मॅडम, ह्यात जेवण वाढा," एक म्हणाली. मीही हसले, आणि हसता हसता मला आमच्या गल्लीतला राजमणी अक्काचा माळा आठवला. तिथं आप्पांनी केलेली एक ढाल ठेवलेली होती, निदान पुढच्या मावळ्यापुरती तरी.

अक्का आमची जुनी शेजारीण. तिच्या घरातले टॉवेलचे माग आणि आमची खोली यांच्यामध्ये एक पत्रा, बस्स. गल्ली सोडून मला कितीतरी वर्षं झाली, पण मी दारात उभी राहिले की अक्का आजही "रा, पिल्ला, रा" म्हणते. त्यांच्या तेलुगूत रा म्हणजे ये, आणि पोरीला पिल्ला म्हणतात. मी शाळेतल्या बाई झाले तरी तिची पिल्लाच. ढालीचं नाव काढल्यावर तिनं लगेच मुलाला माळ्यावर चढवलं. विणताना बिघडलेल्या एका चादरीत गुंडाळलेलं ते गाठोडं खाली आलं. चादर उलगडली तसा गंजाचा, सुताच्या खळीचा आणि उंदरांचा असा मिळून एक वास आला. मला तो बरा वाटला.

जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत आई तांदूळ निवडत बसली होती. माझ्या हातातलं बघून तिनं सूप बाजूला ठेवलं.

"आलं व्हय माझं घमेलं?"

"आई, ढाल आहे ती."

"ढाल तुमची. घमेलं माझंच हाय की." तिनं चष्मा पुसला, काठावरून बोट फिरवलं. "गंजलंय पार. नीट करनार ना?"

"करणार. गॅदरिंगला लागणार आहे."

"मग मी येनार हाय बघायला. पयल्या रांगंत बसनार. तवा बघायचं ऱ्हायलं ते ऱ्हायलंच."

तिनं परत सूप ओढलं. पण ढाल नीट करणं म्हणजे रंग देणं एवढंच नसतं. शेवटी त्यावर चकाकीचं क्लिअर मारावं लागतं, आणि आमच्या घरात क्लिअर फक्त आप्पा मारायचे. आप्पा जाऊन काही वर्षं झाली.

*

ढालीचा सगळा घोळ मीच घातला होता. मी लहान असताना शाळेच्या गॅदरिंगआधी बाईंनी विचारलं, "मावळ्यांना ढाली कोण आणून देईल?" माझा हात वर. "आमचे आप्पा करतात." आप्पांनी जन्मात ढाल केली नव्हती. पण खुंटीवरची गन मला रोज दिसत होती, आणि गन असलेला माणूस काहीही रंगवू शकतो अशी माझी पक्की खात्री.

घरी सांगितलं तर आप्पा म्हणाले, "अगं बाई, मी कपाटं रंगवतो. ढाल कुटनं आनू?"

संध्याकाळी आई कामावरून आली. दारातच घमेलं पालथं घातलं आणि त्यावर टेकली. गुडघे चोळायला लागली. आप्पा तिच्याकडे बघतच राहिले.

"ऊठ जरा," ते म्हणाले.

"आत्ता तर बसलीय मी."

"ऊठ की गं."

आई उठली. आप्पांनी ते पालथं घमेलं उचललं, डाव्या हातावर धरलं आणि छातीसमोर आणलं. मग आई म्हणाली, "आता तलवार म्हनून माझी उलथनी घ्या." आणि कितीतरी दिवसांनी आमच्या खोलीत हशा पिकला.

भंगारातून टाकाऊ घमेली आली. बुडाला झिजून भोकं पडलेली. आप्पांनी आतून पत्र्याची ठिगळं लावली. ढालीवर चार फुगीर फुलं असतात, ती काही केल्या जमेनात, तर सायकलच्या दुकानातून मोडक्या घंट्यांची टोपणं आणून रिबिटांनी बसवली. आतून हात घालायला रिक्षाच्या सीटचं रेक्झिन. ते आईनं सुतळीच्या सुईनं शिवलं. आणि सगळं झाल्यावर कळलं, की मावळे जास्त आहेत. एक ढाल कमी पडतेय. ती नेमकी माझी होती.

आईनं तिचं घमेलं आप्पांच्या पुढ्यात ठेवलं. "घ्या."

"आन तू?"

"मी उचलते की मुकादमाचं. न्हायतर हातानं विटा दीन." आणि वर, "ह्ये बघा, माझ्या घमेल्याला भोक पाडू नका. रिबिट मारायचीच आसंल तर काठाजवळ मारा."

दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या हातानं नाक्यावर गेली. आप्पांनी घमेल्याला भोकं पाडलीच. त्यावरून तिनं त्यांना आयुष्यभर बोलून घेतलं. जेवताना मीठ कमी पडलं तरी विषय घमेल्यावर यायचा.

मग रंगाचे दिवस सुरू झाले. आधी रॉकेलचा वास, त्यात भिजवलेला पॉलिश पेपर, आणि पत्र्यावर खस्स खस्स. मग तांबड्या ऑक्साइडचा थर. त्यानं आप्पांची बोटं महिनाभर हळदीकुंकू केल्यासारखी दिसायची. खड्डे बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी. परत घासकाम. मग काळा रंग, काठाला आणि घंट्यांना सोनेरी. पलीकडे अक्काच्या उखळात शेंगा कुटल्या जात असायच्या, लसूण आणि लाल तिखटाचा खकाणा उडायचा आणि तो थिनरच्या वासात मिसळायचा. हिवाळ्यातली कोवळी उन्हं, गड्ड्याच्या जत्रेत पाळणे उभे राहायला लागलेले, आणि आमच्या दारात ओळीनं वाळत टाकलेल्या ढाली. आजही कुठं थिनरचा वास आला की माझ्या तोंडाला शेंगाचटणीची चव येते. लोकांना सांगितलं तर तोंड वाकडं करतात.

शेवटचं काम क्लिअरचं. क्लिअर म्हणजे बिनरंगाचा थर, रंगाच्या वरून मारायचा. त्यानं ढाल पाण्यातून काढल्यासारखी चमकते आणि रंग वर्षानुवर्षं टिकतो. पण त्याला गन लागते आणि गनला हवा. आमच्याकडे कॉम्प्रेसर कुठला? आप्पा पंक्चरवाल्याकडे गेले, ट्रकच्या एका जुन्या चाकात ठासून हवा भरून घेतली आणि ते चाक गल्लीतून ढकलत आणलं. पुढं आप्पा, मागं आम्ही पोरं. त्या चाकातली हवा नळीनं गनला जोडली. हवा संपायच्या आत काम संपवायचं, असा सगळा मामला.

पहिल्यांदा आप्पांनी क्लिअर मारलं तेव्हा त्या काळ्या ढालींत आभाळ दिसलं. माझा चेहराही दिसला, दात पडलेला. आम्ही श्वास रोखून बघत होतो. आणि पलीकडे माग चाललेलेच होते, खटाक खटाक, खटाक खटाक. टॉवेलचे माग म्हणजे कापसाची लव सतत हवेत. आमच्या केसांत, भाजीत, पांघरुणात. ती इतकी रोजची, की ती असते हेच आम्ही विसरून गेलो होतो. ओल्या क्लिअरवर ती अलगद उतरत गेली आणि चिकटत गेली. बघता बघता ढाली म्हाताऱ्या झाल्या.

"ढालीला दाढी आली! ढालीला दाढी आली!" गल्लीतली पोरं नाचायला लागली.

आप्पा खाली बसले. गन मांडीवर. गॅदरिंग तोंडावर आलेलं. माझ्या डोळ्यांसमोर बाईंचा चेहरा, माझा वर केलेला हात. आप्पांनी परत तो जुना बनियन शोधायला सुरुवात केली, गन गुंडाळायला. ते बघून मला रडू फुटलं.

तेव्हा अंबादासमामा बाहेर आले. अक्काचे नवरे. भुवयांवर कापूस, पापण्यांवर कापूस. ढालीजवळ वाकले, एक केस चिमटीत धरून ओढून बघितला.

"आप्पा, हे कापूस आमचं."

"तुमचा काय दोष हाय अण्णा त्यात."

"दोष कुटं म्हनालो? कापूस आमचं म्हनालो. परत घासून घे. मारायच्या टायमाला हाक मार. माग बंद करतो."

आप्पा गडबडले. "अण्णा, माग बंद म्हंजे तुमच्या पोटावर..."

"पोरगी कुनाची चाललीय गॅदरिंगला? गल्लीचीच की." मामा आत वळले, परत मान बाहेर काढून म्हणाले, "आनि चादरी घेऊन जा. अक्काला सांगतो."

दुसऱ्या खेपेला अक्कानं तिच्याकडच्या बिघडलेल्या चादरी बादलीत बुडवून दिल्या. दोऱ्या बांधून त्या चारी बाजूंनी टांगल्या, उडती लव त्यांनाच चिकटावी म्हणून. ठिबकणाऱ्या त्या जाड सोलापुरी चादरींची एक खोली झाली, लाल, निळी, मोरांची. अंगणात सडा टाकून धूळ बसवली. मला आप्पांनी अक्काच्या उंबऱ्यावर बसवलं, थिनरचा वास लागू नये म्हणून. म्हणाले, "हालायचं न्हाय. हातात कायतरी घे आन बस." हातात इतिहासाचं पुस्तक होतं.

मग आप्पांनी आवाज दिला. "क्लिअर हाय!"

आणि माग थांबले. आधी मामांचे. मग पलीकडच्या घरातले. मग कोपऱ्यावरचे. एकेक आवाज विझत गेला आणि आमच्या गल्लीत मी जन्मात न ऐकलेली शांतता पसरली. इतकी, की पत्र्यावर चालणाऱ्या कावळ्याची नखं ऐकू आली. चादरींतून पडणारे थेंब ऐकू आले. कुणाच्या तरी घरात दूध उतू गेलं ते ऐकू आलं. आणि चादरींच्या आत गनचा सुस्कारा. सूऽऽ. थांबला. सूऽऽ. मला फटीतून आप्पांचा हात दिसत होता. तो ढालीच्या बाहेर सुरू व्हायचा, ढालीवरून सरळ जायचा, पलीकडे बाहेरच थांबायचा. "हात ढालीवर थांबला की वघळ आला," असं ते म्हणायचे.

बायका झाडू हातात धरून उभ्या. पोरं पाय उचलेनात. सगळी गल्ली आमच्या ढाली वाळायची वाट बघत होती.

शेवटी आप्पा बाहेर आले. एका ढालीवर मागच्या बाजूनं बोटाच्या पेरानं ठोकलं. टण्ण. ती खूण होती. "चालू करा!" आणि खटाक खटाक सगळीकडून परत आलं, जणू कुणी धरून ठेवलेला श्वास सोडला.

त्या ढाली इतक्या चमकल्या की पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या शाळेनं आप्पांना शोधत माणूस पाठवला. मग मेळे, मग मिरवणुका. खुंटीवरची गन परत खुंटीला गेली नाही. दर हिवाळ्यात आमच्या गल्लीत ती हाक यायची आणि माग थांबायचे. मी दर वेळी त्याच उंबऱ्यावर, हातात पुस्तक. घरात दिवसभर मागांच्या आवाजात एक ओळ डोक्यात शिरायची नाही. त्या शांततेत आख्खं प्रकरण शिरायचं. दहावीचं भूमितीचं एक प्रमेय मला आजही ओल्या चादरीच्या वासासकट आठवतं. पुढं कॉलेजला गेले, बी.ए.ची पुस्तकं घेऊन त्याच उंबऱ्यावर बसले, तेव्हा मामा म्हणायचे, "आप्पा, आज क्लिअर नाही काय? पिल्लाची परीक्षा आलीय. रिकामंच मार की जरा." आणि एकदोनदा आप्पांनी खरंच चादरींत उभं राहून नुसतीच हवा सोडली. सगळ्यांना ठाऊक होतं. तरी माग थांबले.

त्या पहिल्या गॅदरिंगला मला एकच वाक्य होतं. "दार उघडा, आम्ही आलोय!" आप्पा मागं उभं राहून बघत होते, अक्का नवी साडी नेसून आलेली. आई नव्हती. त्या दिवशी तिच्या कामावर स्लॅब टाकत होते, आणि स्लॅबच्या दिवशी बाईला सुट्टी मागता येत नाही. माल वाळत नाही तोवर घमेली पळतच असतात. संध्याकाळी ती आली तेव्हा भुवयांवर सिमेंट. मी घरात उभं राहून तिला माझं वाक्य म्हणून दाखवलं.

"मोठ्यानं म्हन की."

मी ओरडून म्हटलं.

"आन माझं घमेलं कसं दिसत हुतं?"

"चमकत होतं. लाइट पडला की डोळे दिपायचे."

"हूं," ती म्हणाली, आणि चूल पेटवायला बसली.

*

तर तीच ढाल मी घासायला घेतली. सुट्टीचा दिवस, बाल्कनीत वर्तमानपत्रं पसरलेली. थर निघत गेले. वरचं पिवळं पडलेलं क्लिअर, त्याखाली सोनेरी, त्याखाली आणखी एक सोनेरी, काळा, तांबडा. दर थर म्हणजे एक हिवाळा. अगदी काठाच्या वळणात एक करडा खडा चिकटलेला होता. सिमेंटचा. मी स्क्रू ड्रायव्हर लावला.

"ऱ्हाऊ दे त्यो," आई म्हणाली. "कुनाला दिसनार हाय?"

राहू दिला.

प्रायमर मी ब्रशनं लावला. काळा रंग, सोनेरी काठ, घंटीची टोपणं, सगळं जमलं. आई जाता येता बघायची. "आप्पांचा हात सरळ हुता. तुझा वाकडा जातो. पन चालतंय." क्लिअरसाठी हार्डवेअरच्या दुकानातून स्प्रेचा डबा आणला. आता ट्रकचं चाक लागत नाही. डबा खुळखुळ्यासारखा हलवायचा आणि वरचं बटण दाबायचं. खाली पार्किंगमध्ये ढाल ठेवली, भोवती ओली चादर टांगली, आणि मारायला लागले. पहिला हात सुंदर बसला. दुसऱ्या हाताला आमच्या शेजारच्या प्लॉटवरून वाऱ्याचा झोत आला. तिथं नवी बिल्डिंग उठतेय. जुळे सोलापुरात कुठं ना कुठं उठतच असते. बारीक पांढरी धूळ भिरभिरत आली आणि ढालीवर बसली.

या वेळी दाढी नव्हती. घामोळं होतं.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून उतरले. "मॅडम, वास तिसऱ्या मजल्यापर्यंत येतोय हो. आणि हे पार्किंगमध्ये... म्हणजे तुम्हाला मी काय सांगायचं." माणूस चांगला आहे, बोलला तेही चांगलंच. मी ढाल उचलली. पण गॅदरिंग परवावर आलेलं होतं, आणि शेजारच्या बिल्डिंगला मी थोडीच सांगू शकत होते, की जरा थांबा, क्लिअर हाय.

वर आले. आईनं ढालीवरून हात फिरवला. तिच्या बोटांना खडे लागले. मला वाटलं आता म्हणेल, जाऊ दे, प्लॅस्टिकच्या वापरा. ती उठली आणि पायात चप्पल घातली.

"चल गल्लीत."

"आई, आता तिथं कोण..."

"चल म्हनते ना. रिक्षा बोलव."

रिक्षात ढाल तिच्या मांडीवर होती. एका वळणावर तिनं बाहेर बोट दाखवलं. "ह्या बिल्डिंगच्या स्लॅबला हुते मी." थोडं पुढं गेल्यावर, "हितं बी." मग म्हणाली, "मजला वाढला की जिन्यानं पाय भरून यायचे. पन वरनं गार वारं लागायचं बघ." तक्रार नव्हती त्यात. वाऱ्याचीच आठवण होती.

गल्लीत आता माग थोडेच उरलेत. पुष्कळ भंगारात गेले. अक्काच्या घरात तिचा मुलगा अजून चालवतो. पत्र्याच्या आमच्या खोलीच्या जागी कुणाचं तरी स्लॅबचं घर उठलंय. पण उंबरा तोच. मी परत वॉटर पेपर घेऊन घामोळं घासून काढलं. अक्कानं न सांगता बादली भरली, चादरी बुडवल्या. आईनं सडा टाकला. दोघी म्हाताऱ्या दोरी बांधायला एकमेकींवर ओरडत होत्या.

"अगं ढिल्लं झालं की ते!"

"अय्यो, तू धर की मग. नुसतं सांगतीय!"

सगळं टांगून झालं. आता हाक द्यायची. मी घसा खाकरला आणि वर्गात बोलते तशा आवाजात म्हटलं, "क्लिअर आहे."

माग चालूच.

"पिल्ला, असं काय?" अक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आप्पाचं पोरगी ना तू?"

मी चादरींच्या आत उभी होते, हातात डबा. डोळे मिटले आणि ओरडले. "क्लिअर हाय!"

अक्काचा मुलगा आतून म्हणाला, "हाय हाय." एक माग थांबला. दुसरा थांबला. पलीकडच्या घरातला थांबला. कोपऱ्यावरचं कुणी मला ओळखत नसेल, पण तोही थांबला. आणि ती आली. तीच शांतता. चादरींतून थेंब, पत्र्यावर कावळा.

आतल्या खोलीत अंबादासमामा बाजेवर पडलेले असतात. जन्म मागांत गेला, आता कानांना काही ऐकू येत नाही. पण मागांचा हादरा भिंतीतून बाजेत येतो, तेवढा त्यांना कळतो. हादरा थांबला तसे ते उठून बसले. त्यांचा आवाज आला, बहिऱ्या माणसाचा असतो तसा मोठा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"आप्पा आला काय गं? क्लिअर मारतंय?"

उत्तर दिलं असतं तरी त्यांना ऐकू गेलं नसतं. मी हात उचलला, ढालीच्या बाहेर सुरू केला, ढालीवरून सरळ नेला, पलीकडे बाहेरच थांबवला. परत. परत. कुठं वघळ आला नाही. काळ्या रंगात वरचं आभाळ उतरलं, चादरीवरचे मोर उतरले, आणि शेवटी माझा चेहरा. दात सगळे होते या वेळी.

वाळेपर्यंत आम्ही तिघी उंबऱ्यावर बसलो. मग आई उठली, ढाल मागून उचलली आणि बोटाच्या पेरानं ठोकलं. टण्ण.

"करा रं चालू," ती म्हणाली.

*

गॅदरिंगच्या दिवशी मी विंगेत उभी होते. पडदा वर गेला. सातवीतली मुलगी ढाल घेऊन पुढं आली, दिव्याचा झोत तिच्यावर पडला, आणि ढालीवरून उसळून पहिल्या रांगेत गेला. तिथं आई बसली होती, शेजारी अक्का. आईनं डोळ्यांवर हात धरला, मग काढला आणि टक लावून बघत राहिली. मुलगी ओरडली, "दार उघडा, आम्ही आलोय!" टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर पहिल्या रांगेतून स्पष्ट आवाज आला.

"बघितलंस का अक्का? माझं घमेलं हाय ते."

आमच्या घराण्यात पदवीधर झालेली मी पहिली. त्या शाळेत मी कायम शिक्षिका आहे, जुळे सोलापुरातलं घर आमचं स्वतःचं आहे. आणि त्या गॅदरिंगला माझी आई सुरुवातीपासून शेवटपर्यंत पहिल्या रांगेत बसली होती.